लग्नाचे चित्रीकरण : ठरवण्यापूर्वी थोडा विचार

(द्वितीय वर्ष, कला)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी म्हण आपल्याकडे आहे. लग्नातील मंडप, आचारी, वाजंत्री, बस्ता यांची बोलणी घरातील जाणती माणसे करतात, कारण त्यांना त्यातले कळते. शंभर माणसांना किती तांदूळ लागेल हे आजी बसल्या जागी सांगते. परंतु व्हिडिओवाला समोर येऊन बसला की हीच माणसे गप्प होतात आणि "तुम्ही नेहमी करता तसे करा" एवढे बोलून मोकळी होतात. पैसे मात्र आचाऱ्याच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात, आणि तेही पुष्कळदा उसनवारीचे असतात.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे 'शिकलेली आहे, तूच बोल' म्हणून नात्यातील तीन लग्नांच्या वेळी ही बोलणी माझ्याकडे आली. त्या निमित्ताने जे विचारले, वाचले आणि पाहिले ते क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आपणांपैकी अनेकांची, निदान आपल्या बहीणभावांची लग्ने येत्या चारपाच वर्षांत व्हायची आहेत. तेव्हा हा विषय अभ्यासाबाहेरचा वाटला तरी उपयोगाचा ठरावा.

थोडी पूर्वपीठिका

समारंभ चित्रित करण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. ती चित्रे पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मुंबईच्या छायाचित्रकाराने परदेशातून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. म्हणजे आपल्याकडे कथाचित्रपट येण्यापूर्वीच घडणारा प्रसंग टिपून ठेवणारा कॅमेरा आला होता. लग्नाचा व्हिडिओ हा त्या सावेदादांच्या कॅमेऱ्याचाच दूरचा वारस होय.

सामान्य घरांत मात्र हे चित्रण व्हिडिओ कॅसेटमुळे पोहोचले. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट जपानमध्ये १९७६ साली निघाली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले, मागोमाग व्हीसीआर आले आणि पुढील काही वर्षांत शहरांतून तालुक्यांकडे, तालुक्यांतून गावांकडे व्हिडिओ शूटिंग पसरले. एक माणूस कॅमेरा खांद्यावर घेणार आणि दुसरा हॅलोजनचा दिवा धरून त्याच्यामागे वायर ओढत फिरणार, हे दृश्य आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाहिलेले आहे. त्यानंतर सीडी, डीव्हीडी, पेनड्राइव्ह अशी वाटचाल झाली. २००८ नंतर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यातूनच उत्तम चलच्चित्र घेता येऊ लागले आणि लग्नाच्या व्हिडिओला चित्रपटाचे रूप येत गेले. आज त्याला 'सिनेमॅटिक' म्हणतात.

चित्रण दोन प्रकारचे

पहिला प्रकार पारंपरिक चित्रणाचा. यात विधी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कॅमेरा चालू राहतो आणि दोनतीन तासांची सलग फीत मिळते. दुसरा प्रकार सिनेमॅटिक. यात निवडक क्षण, संथ गती, संगीत यांची जुळणी करून पाच ते वीस मिनिटांचे चित्र तयार होते. त्याचेच टीझर, हायलाइट आणि रील असे छोटे तुकडेही करून देतात.

या दोहोंत श्रेष्ठ कोणता हा प्रश्न चुकीचा आहे, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. सिनेमॅटिक चित्र मित्रमंडळींना दाखवायला छान असते. परंतु कोण आले होते, मामांनी काय सांगितले, मंगलाष्टके कोणी म्हटली हे वीस वर्षांनी शोधायचे झाल्यास सलग फीतच उपयोगी पडते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर सलग चित्रण घ्यावे आणि त्यातूनच पाचदहा मिनिटांचा संक्षेप करून मागावा, असे माझे मत आहे.

व्हिडिओवाला निवडताना

दुकानात गेल्यावर आपल्याला तीन मिनिटांचा झगमगीत नमुना दाखवतात. वर्षभरातील सर्वोत्तम क्षण निवडून असा नमुना कोणालाही करता येतो. म्हणून एका लग्नाचे संपूर्ण काम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायला मागावे. ते लग्न शक्यतो आपल्यासारख्याच ठिकाणचे असावे. शहरातील वातानुकूलित सभागृहातले काम पाहून शेतातील मंडपात भरदुपारी काय होईल याचा अंदाज येत नाही. दुपारच्या १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्तावर बाहेर ऊन आणि मंडपात सावली असते. अशा वेळी मागचे आकाश पांढरे होते आणि वधूवरांचे चेहरे काळवंडतात. ज्याने हे आधी हाताळले आहे त्याच्या जुन्या फितीत ते दिसतेच.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. ज्याचे काम दाखवले तोच माणूस येणार का? चांगले मुहूर्त ठराविक तारखांनाच असतात. त्यामुळे एकाच दिवशी एका दुकानाकडे चारपाच लग्ने येतात आणि काही कामे बाहेरच्या मंडळींकडे सोपवली जातात. यात गैर काही नाही, परंतु आपल्याला ते आधी कळले पाहिजे. येणाऱ्या माणसाचे नाव विचारावे, त्याचे काम पाहावे, आणि तो आजारी पडल्यास कोण येईल तेही विचारून ठेवावे.

विधींची यादी आपणच द्यावी

महाराष्ट्रात लग्नाची पद्धत जातीगणिक, जिल्ह्यागणिक बदलते. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात पुरोहित नसतो, वधूवर परस्परांना प्रतिज्ञा देतात. बौद्ध पद्धतीत त्रिशरण-पंचशील हा मुख्य भाग असतो. निकाहात कबुलीचे शब्द महत्त्वाचे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील नोंदणी विवाहात तीन साक्षीदारांसमोर उच्चारलेली वाक्ये आणि सह्या हाच विधी. व्हिडिओवाल्याला हे सर्व ठाऊक असेल असे गृहीत धरू नये. घाणा भरणे, हळद, सीमांतपूजन, गौरीहर, कन्यादान, कंकण, सूनमुख, झाल, गृहप्रवेश, गोंधळ यांपैकी आपल्याकडे काय होते, कोणत्या क्रमाने आणि कोठे होते हे एका कागदावर लिहून द्यावे.

यातील दोन जागा विशेष सांभाळायच्या. पहिली अंतरपाटाची. पाट दूर होतो तो क्षण दोन श्वासांचा. वधूवर समोरासमोर उभे असल्याने एका बाजूच्या कॅमेऱ्याला एकाचाच चेहरा दिसतो आणि दुसऱ्याची पाठ येते. म्हणून मुहूर्तापुरते तरी दोन कॅमेरे हवेत, समोरासमोरच्या कोनांत. नाटकाची तालीम पुन्हा होते, सिनेमाचे दृश्य पुन्हा घेतात. अक्षता मात्र एकदाच पडतात.

दुसरी जागा सप्तपदीची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्या विवाहात सप्तपदी हा विधी असतो तो सातवे पाऊल पडल्यावर पूर्ण व बंधनकारक होतो. गंमत अशी की लाजाहोम आणि सप्तपदी यांच्या वेळी पाहुणे पंगतीत बसलेले असतात आणि पुष्कळदा व्हिडिओवालेही त्यांच्याबरोबर जेवत असतात. त्यांच्या जेवणाची वेळ आपणच आधी ठरवून दिली तर ही अडचण टळते. अर्थात चित्रफीत कितीही चांगली असली तरी ती नोंदणीची जागा घेत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी वेगळी करावीच लागते.

याखेरीज घरातील वृद्धांची यादी करावी आणि त्यांना ओळखणारा एक चुलतभाऊ किंवा मावसबहीण कॅमेऱ्याबरोबर द्यावी. कॅमेरा नेहमी मंचाकडे वळतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली पणजी त्याला कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आवाजाचा प्रश्न

चित्रणाची चर्चा करताना आपण चित्राबद्दलच बोलतो, परंतु लग्नात ऐकण्यासारखे पाहण्यापेक्षा कमी नसते. मंगलाष्टके, उखाणे, सूनमुखाच्या वेळी सासूने पुटपुटलेले दोन शब्द, पाठवणीच्या वेळचे बोलणे हे सर्व आवाजाचे विश्व आहे. कॅमेऱ्यावरील माइक दूरचे सर्व आवाज एकत्र गोळा करतो. त्यात बँड, जनरेटर आणि मुलांचा गोंगाट यांचीच सरशी होते. म्हणून गुरुजींच्या किंवा वराच्या कपड्याला लावायचा छोटा माइक, आणि ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून थेट घेतलेला आवाज, या दोन गोष्टी मागाव्यात. ड्रोनच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

आवाज का महत्त्वाचा हे आमच्या घरातील उदाहरणावरून सांगते. माझ्या आईवडिलांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरात होती. व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये ते उत्पादन थांबवले. चालू व्हीसीआर शोधायला त्यामुळे शहर गाठावे लागले. फितीवर बुरशी होती, ती साफ करून बरेचसे चित्र निघाले. त्यात आमचे आजोबा आहेत. मी त्यांना पाहिलेले नाही. मांडवाच्या दाराशी उभे राहून ते कोणाशी तरी जवळजवळ अर्धा मिनिट बोलताना दिसतात, हसतात, हात उंचावतात. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे व्हिडिओवाल्याने मूळ आवाज पुसून सबंध फितीवर सिनेमाची गाणी भरली होती. ओठ हलतात, आणि ऐकू येते ते गाणे. आजोबांचा आवाज कसा होता हे आजी सांगते, पण तो कोठेही उरलेला नाही. ज्या घरांत पत्रे लिहिली गेली नाहीत, डायऱ्या ठेवल्या गेल्या नाहीत, त्या घरांचा इतिहास अशा अर्ध्या मिनिटांत असतो.

म्हणून करारात एक ओळ अवश्य घालावी : सलग फितीतील मूळ आवाज काढला जाणार नाही. संगीत हवे असेल तर ते संक्षेपात वापरावे.

लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. घाणा भरताना आणि हळदीच्या वेळी जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायका आता गावोगाव थोड्याच उरल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यामुळे त्या टिकल्या. आपल्या घरच्या आत्यांच्या ओव्या जमवायला दुसरे कोणी येणार नाही. हळदीला कॅमेरा येतोच, तेव्हा दहा मिनिटे डीजे बंद ठेवून त्यांचा आवाज नीट घ्यायला काय हरकत आहे?

प्रकाश आणि यंत्रे

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. तिच्याशी न जुळणाऱ्या वेगाने चित्रण केले तर दिव्यांची फडफड चित्रात उतरते. म्हणून सेकंदाला २५ चित्रे आणि १/५० सेकंदाचे शटर ही आपल्याकडे सर्वसाधारणपणे सुरक्षित मांडणी होय. स्वस्त एलईडी दिवे तरीही फडफडतात, म्हणून मंडपवाला आणि व्हिडिओवाला यांची आदल्या दिवशी गाठ घालून द्यावी. जांभळ्या-गुलाबी दिव्यांत हळदीचा पिवळा रंग मातीसारखा दिसतो. विधींच्या वेळी तरी साधा पांढरा उजेड ठेवण्यास सांगावे.

ड्रोनबद्दलही दोन शब्द. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याजवळ दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र हवे आणि ड्रोनची नोंदणी हवी. विमानतळ, लष्करी जागा यांच्या परिसरात निर्बंध असतात. कागद दाखवायला सांगितल्यावर जो टाळाटाळ करतो त्याचा ड्रोन पाहुण्यांच्या डोक्यावर नको.

करार आणि कायदा

तोंडी बोलण्यावर काम देऊ नये. एक साधा कागदही पुरतो. त्यात पुढील मुद्दे असावेत :

१. तारखा, ठिकाणे, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ. उशीर झाल्यास जादा दर.
२. किती माणसे, किती कॅमेरे, कोणते माइक.
३. काय मिळणार : सलग फीत, संक्षेप, मूळ न कापलेले चित्रण.
४. कधी मिळणार, आणि किती वेळा दुरुस्ती करून मिळणार.
५. एकूण रक्कम, कर धरून की सोडून. प्रवास व मुक्कामाचा खर्च कोणाचा.
६. पैशांचे हप्ते. शेवटचा हप्ता काम हाती आल्यावरच द्यावा.
७. लग्न पुढे गेले किंवा मोडले तर आगाऊ रकमेचे काय.
८. आमचे चित्रण जाहिरातीसाठी वापरण्यास परवानगी आहे की नाही.

आठव्या मुद्द्याबाबत १९५७ चा कॉपीराइट कायदा आपल्या बाजूने आहे. मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्रफीत केली असेल, तर उलट करार नसल्यास तिचा पहिला हक्क सांगणाऱ्याकडे जातो, असे सतराव्या कलमात म्हटले आहे. म्हणजे 'उलट करार' आपल्या सहीनिशी होत नाही ना, हे छापील कागदावरील बारीक अक्षरांत पाहिले पाहिजे. नटण्याच्या खोलीतील, हळदीने भिजलेल्या अंगाची दृश्ये कोणाच्या जाहिरातीत फिरावीत की नाहीत हे वधूने ठरवायचे आहे. तिला कोणी विचारतच नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

गाण्यांबाबत गोंधळ असतो. लग्नसमारंभात आणि वरातीत गाणी वाजवणे याला याच कायद्याच्या बावन्नाव्या कलमात सूट आहे. परंतु तेच गाणे चित्रफितीवर चढवून इंटरनेटवर टाकणे ही वेगळी गोष्ट आहे, तिला ती सूट पुरत नाही. अशा फिती तेथे मुक्या होतात किंवा काढून टाकल्या जातात.

पैसे घेऊन काम दिलेच नाही, किंवा चित्रण हरवले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते आणि मोजलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक आहे. पावती आणि करार जवळ असतील तरच या सर्वाचा उपयोग.

जतन

आजचे उत्तम चित्रण फार जागा खाते. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने साठवले तर एका तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे आठ तास चालले तर ७२० जीबी. म्हणून व्हिडिओवाले काही महिन्यांनी मूळ चित्रण पुसून टाकतात. त्याआधी स्वतःची हार्डडिस्क देऊन ते उतरवून घ्यावे. एकाच वेळी दोन कार्डांवर साठवणारा कॅमेरा आहे का, हेही विचारावे, कारण एक कार्ड बिघडले की मुहूर्त गेला.

घरी आणल्यावर तीन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी. पेनड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नये. दर पाचसात वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावे. धान्याला ऊन दाखवतो तसेच हे काम आहे.

खर्च कोठे वाचवावा

काटकसर करायची तर प्री-वेडिंग, ड्रोन, क्रेन, मोठा पडदा आणि जाड अल्बम यांत करावी. मुहूर्ताचा दुसरा कॅमेरा, माइक आणि प्रती यांत करू नये. कर्ज काढून केलेले चित्र पाहताना हप्ताच आठवणार असेल तर त्या चित्राचा आनंद कसला? कमी पैशांत एक प्रामाणिक माणूस, एक सलग फीत आणि स्वच्छ आवाज मिळाला तरी पुष्कळ झाले.

व्हिडिओवाल्याची बाजूही पाहिली पाहिजे. पहाटेच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत तो उभा असतो आणि त्यानंतर कित्येक दिवस संगणकासमोर बसून जोडणी करतो. सुट्टीत त्यांच्या हाताखाली जाऊन फी जमवणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयातही आहेत. त्याला वेळेवर जेवण, बसायला खुर्ची आणि ठरलेले पैसे मिळालेच पाहिजेत. मात्र मुहूर्ताच्या वेळी तो पाहुणे आणि वधूवर यांच्यामध्ये उभा राहणार नाही, गुरुजींना विधी पुन्हा करायला लावणार नाही, आणि उपाशी वधूला तासभर फुलांकडे पाहत ठेवणार नाही, एवढे आपण ठरवून सांगावे. लग्न आधी जमलेल्या माणसांसाठी आहे, फितीसाठी त्यानंतर.

हे प्रश्न विचारायला इंग्रजी यावे लागत नाही किंवा कॅमेरा हाताळता यावा लागत नाही. आचाऱ्याला तांदळाचा हिशेब विचारणाऱ्या आजीचा धीटपणा तेवढा लागतो. तो आपल्या घरात आहेच. माहितीची जोड आपण द्यायची आहे.